मराठी व्याकरण आणि वाक्यरचना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शनिवारी नेरूळला आणि रविवारी ठाण्याला आम्ही मोठ्या माणसांसाठी मराठीचा वर्ग घेतो. वर्गापेक्षा जास्त प्रश्न व्हॉट्सअॅपवर येतात, आणि बहुतेक तेच ते. विचारणारे साधारण तीन प्रकारचे : नोकरीसाठी बाहेरून येऊन इथे स्थिरावलेले, इंग्रजी माध्यमातल्या मुलांचे आईबाप आणि स्पर्धा परीक्षा देणारे. प्रश्न शक्यतो त्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. सगळं सलग वाचायची गरज नाही. हवा तो प्रश्न उघडा, एकाचा धागा दुसरीकडे जात असेल तिथे आकडा दिला आहे.

१. मला मराठी समजतं, पण बोलायला गेलं की वाक्य जुळत नाही. सुरुवात कुठून करू?

दोन जागा आधी पक्क्या करा. नामाला प्रत्यय लागताना नाम कसं बदलतं, ही पहिली (प्रश्न ६). क्रियापद वाक्यातल्या नेमक्या कोणाप्रमाणे बदलतंय, ही दुसरी (प्रश्न १४). ‘मी भाजी आणला’ म्हणणाऱ्याकडे शब्द सगळे असतात. भाजी स्त्रीलिंगी आहे आणि भूतकाळात ‘आणणे’ आणणाऱ्याप्रमाणे नाही तर भाजीप्रमाणे चालतं, एवढंच त्याला कोणी सांगितलेलं नसतं. समास, अलंकार, वृत्तं यांना परीक्षा असेल तरच हात लावा.

२. वाक्यात शब्दांचा क्रम काय? क्रियापद नेहमी शेवटीच का?

सरळ क्रम कर्ता, कर्म, क्रियापद असा. वेळ आणि जागा मध्ये बसतात : ‘मी उद्या आईला डोंबिवलीहून आणणार आहे.’ हिंदी किंवा गुजराती येत असेल तर हे आपोआप जमतं. मराठी इथे बरीच मोकळीक देते, कारण कोण कर्ता आणि कोण कर्म हे प्रत्यय सांगतात. मात्र क्रम बदलला की जोर बदलतो. जोराची जागा क्रियापदाच्या लगेच आधीची :

‘आईला डोंबिवलीहून मी आणणार आहे.’ म्हणजे दादा नाही, मी.
‘आईला मी डोंबिवलीहून उद्या आणणार आहे.’ म्हणजे आज नाही.

‘च’ लावला की जोर आणखी पक्का : मीच, उद्याच, आईलाच. ज्या शब्दावर जोर त्यालाच ‘च’ चिकटतो, इकडेतिकडे नाही. बोलताना क्रियापदानंतरही शब्द येतात (‘येणार आहे ना तू उद्या?’), ते बोलण्यात अगदी सहज वाटतं. अर्जात लिहू नका.

आणखी एक सवय लावून घ्या. पत्ता तोंडी सांगताना मराठी माणूस मोठ्याकडून लहानाकडे येतो : ‘ठाण्याला, नौपाड्यात, गोखले रोडला, बँकेच्या वर.’

३. शब्दांच्या आठ जाती पाठ केल्या पाहिजेत का?

परीक्षा असेल तर हो. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद या चार बदलणाऱ्या. क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी, केवलप्रयोगी या चार न बदलणाऱ्या. बोलायला शिकणाऱ्याने एवढं ओळखावं की कोणता शब्द बदलतो आणि कोणता नाही. ‘मोठा’ बदलतो, ‘लाल’ बदलत नाही, दोन्ही विशेषणंच.

४. लिंग कसं ओळखायचं? काही नियम आहे का?

अर्धवट नियम आहेत. शेवटी ‘आ’ असेल तर बहुधा पुल्लिंगी : डबा, पंखा, रस्ता. पण शाळा, भाषा, सभा, हवा स्त्रीलिंगी. शेवटी ‘ई’ असेल तर बहुधा स्त्रीलिंगी : वही, खुर्ची, गाडी. पण पाणी, दही, लोणी नपुंसकलिंगी आणि हत्ती, मोती पुल्लिंगी. शेवटी ‘ए’ किंवा बोलण्यातला ‘अं’ असेल तर नपुंसकलिंगी : केळं, गाणं, भांडं. शेवटी ‘अ’ असेल तर देवाचं नाव घ्या : हात पुल्लिंगी, भिंत स्त्रीलिंगी, घर नपुंसकलिंगी. शब्द शिकतानाच त्याला ‘मोठा, मोठी, मोठं’ यांतलं एक जोडून शिकणं हाच टिकाऊ उपाय.

हिंदीभाषकांनी काही शब्दांवर वेगळी खूण करावी. हिंदीत चाय, आवाज, पुस्तक तिन्ही स्त्रीलिंगी. मराठीत चहा गरम झाला, आवाज मोठा आला, पुस्तक हरवलं.

इंग्रजीतून आलेल्या शब्दांनाही लिंग मिळतंच, आणि ते बऱ्याचदा जवळच्या मराठी शब्दावरून. बस, ट्रेन, लोकल, मेट्रो, कार या सगळ्या ‘गाडी’च्या घरातल्या, म्हणून स्त्रीलिंगी. मीटिंग झाली, लिफ्ट बंद पडली. फोन आला, मेसेज आला, ओटीपी आला. स्टेशन आलं, तिकीट काढलं, बिल भरलं. पेन मात्र कोणाचा ‘माझा’ असतो, कोणाचं ‘माझं’. दोन्ही चालतात, त्यावरून वर्गात भांडू नये.

५. मुलगी चौथीत आहे, इंग्रजी माध्यम. ‘माझा वही’ म्हणते. काय करू?

व्याकरणाचं पुस्तक आणू नका. पहिली ते दहावी सगळ्या माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीचं करणारा कायदा २०२० साली झाला, म्हणजे पाठ्यपुस्तक दप्तरात आहेच. कमी पडतंय ते कानावर पडणं. चूक दाखवण्यापेक्षा तेच वाक्य बरोबर करून पुढे न्या. ती म्हणाली ‘माझा वही कुठे आहे?’, तर तुम्ही म्हणा, ‘तुझी वही? तुझी निळी वही टेबलावर आहे.’ एका उत्तरात तिच्या कानावर दोनदा ‘तुझी’ गेली. विशेषणं आणि ‘माझा-माझी-माझं’ जितकं वापराल तितकं लिंग मुरतं.

६. ‘ठाणेला जातो’ की ‘ठाण्याला जातो’?

ठाण्याला. प्रत्यय लागण्याआधी नामाचं जे रूप होतं त्याला सामान्यरूप म्हणतात, आणि मराठी शिकणारा सगळ्यात आधी तिथेच अडखळतो. सुदैवाने आपल्या स्टेशनांच्या नावांत जवळजवळ सगळे नमुने सापडतात.

शेवटी ‘ए’ असलेली नपुंसकलिंगी नावं ‘या’ घेतात : ठाणे–ठाण्याला, तुर्भे–तुर्भ्याला, रबाळे–रबाळ्याला, कोपरखैरणे–कोपरखैरण्याला. शेवटी ‘आ’ असलेली पुल्लिंगी नावंही तसंच करतात : कळवा–कळव्याला, मुंब्रा–मुंब्र्याला, दिवा–दिव्याला, सानपाडा–सानपाड्याला. शेवटी ‘ई’ असलेली स्त्रीलिंगी नावं जशीच्या तशी राहतात : वाशीला, ऐरोलीला, घणसोलीला, डोंबिवलीला. पनवेल, खारघर, जुईनगर यांनाही ‘ला’ थेट लागतो : पनवेलला, खारघरला.

तुर्भे, घणसोली, कोपरखैरणे ही गावं १९७० साली सिडको (नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी) स्थापन होण्याच्या कितीतरी आधीची, त्यामुळे त्यांची नावं मराठीच्या वळणाने वाकतात. सीवूड्स हे नवं नाव, ते तसंच राहतं : सीवूड्सला. त्याच स्टेशनच्या नावाला जोडलेलं दारावे हे गाव मात्र दाराव्याला होतं.

साध्या नामांत आणखी काही वळणं :

शेवटी ‘सा’ असेल तर ‘शा’ होतो. पैसा–पैशाला, मासा–माशाला, घसा–घशाला. ‘पैस्याला’ नाही.

नात्याची आणि आदराची नावं बदलत नाहीत. दादा–दादाला, काका–काकांना, मामा–मामाला. ‘काक्याला’ म्हटलंत तर काका रागावतील.

‘अ’ ने संपणाऱ्या स्त्रीलिंगी शब्दांचं अनेकवचन आठवा, उत्तर तिथेच आहे. अनेकवचन ‘आ’ असेल तर सामान्यरूप ‘ए’ : वीट–विटा–विटेला, माळ–माळा–माळेला. अनेकवचन ‘ई’ असेल तर सामान्यरूपही ‘ई’ : भिंत–भिंती–भिंतीला. बस, लोकल, लिफ्ट असे नवे शब्द या भानगडीत पडत नाहीत : बसने, लोकलमध्ये.

आडनावांचं विचाराल तर जुन्या वळणाने ‘गोखल्यांना’, आता सर्रास ‘गोखलेंना’. समोरच्या गोखल्यांना जे आवडेल ते.

७. ठाण्याला, ठाण्यात, ठाण्याहून : कुठे काय?

जायचं ठिकाण ‘ला’, आतली जागा ‘त’, निघायची जागा ‘हून’. राहण्याबद्दल ‘ठाण्याला राहतो’ आणि ‘ठाण्यात राहतो’ दोन्ही बरोबर. ‘बेलापुरात’ कानाला गोड लागतं. ‘खारघरात’ म्हणणारे कमी, ‘खारघरमध्ये’ म्हणणारे जास्त. ‘घरी’ आणि ‘घरात’ यांत फरक आहे : ‘बाबा घरी आहेत’ म्हणजे कामावर गेलेले नाहीत, ‘मांजर घरात आहे’ म्हणजे भिंतींच्या आत आहे.

पाठ्यपुस्तकातल्या विभक्तीच्या तक्त्यात ‘स, ला, ते’ असं एका रांगेत दिसेल. त्यातला ‘ला’ रोजचा, ‘स’ अर्जातला (‘विद्यार्थ्यास’), ‘ते’ जुन्या कवितेतला. तक्ता पाठ करून बोलायला गेलेला माणूस लगेच ओळखू येतो.

८. ‘स्टेशन जवळ’ की ‘स्टेशनजवळ’?

जोडून. जवळ, वर, खाली, साठी, पर्यंत, पासून, मुळे हे शब्द नामाला चिकटतात : स्टेशनजवळ, पुलाखाली, पावसामुळे. त्यांच्या आधीही सामान्यरूप होतं (प्रश्न ६), म्हणून ‘पाऊसमुळे’ चुकीचं. ‘जवळ ये’ यात नाम नाही, तिथे जवळ सुटं.

९. नेरूळ की नेरुळ? पाटीवर दोन्ही पाहिलंय.

नुसतं लिहिताना नेरूळ, प्रत्यय लागल्यावर नेरुळात. मराठी शब्दात शेवटच्या ‘अ’ असलेल्या अक्षराआधीचा इ-उ दीर्घ लिहितात : गरीब, वकील, फूल. सामान्यरूप झालं की तो ऱ्हस्व होतो : गरिबाला, वकिलाला, फुलाला. गावाच्या नावातलं ‘पूर’ दीर्घच : बेलापूर; पण बेलापुरात. ‘नेरूळला’ असं थेट ‘ला’ लागलं तर रू दीर्घच राहतो, कारण तिथे नाम बदललेलंच नाही.

अडचण संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या शब्दांची. गुण, मंदिर, मधुर यांत ऱ्हस्वच, आणि परीक्षा–परीक्षेला यात दीर्घ तसाच. शंका आली की कोश उघडा. कानावर भरवसा ठेवून इथे भागत नाही, कारण उच्चारात हा फरक बहुतेकांना कळतच नाही.

१०. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ एकच ना?

नाही, आणि हा घोळ महागात पडतो. ‘आम्ही’मध्ये ऐकणारा नसतो, ‘आपण’मध्ये असतो. ऑफिसात कोणी म्हणालं, ‘आम्ही जेवायला चाललो’, तर तुम्हाला बोलावणं नाही. ‘आपण जेवायला जाऊ’, तर चप्पल घाला. हिंदीतल्या ‘हम’ने दोन्ही भागतं, म्हणून हिंदीभाषक पाहुण्यांसमोर ‘आम्ही चहा घेऊ या’ म्हणतात आणि पाहुणे गोंधळतात. आदराने ‘तुम्ही’ऐवजीही ‘आपण’ येतं (‘आपण कुठून आलात?’), पण ते सभेत किंवा पत्रात शोभतं, भाजीवाल्याला ‘आपण’ म्हटलंत तर तो दचकेल.

११. ‘तू’ कोणाला आणि ‘तुम्ही’ कोणाला?

आई बहुतेक घरांत ‘तू’. बाबा कुठे ‘तू’, कुठे ‘तुम्ही’, घराघराचा रिवाज. सासूसासरे, शिक्षक, शेजारचे काका-काकू, रिक्षावाले दादा, भाजीवाल्या मावशी सगळे ‘तुम्ही’. अनोळखी माणसाला वय कितीही असो, ‘तुम्ही’च, इमारतीच्या वॉचमनलाही. लहान मूल अपवाद.

खरी चूक सर्वनामात होत नाही, क्रियापदात होते. आदर दिला की क्रियापद अनेकवचनी, आणि लिंग तसंच राहतं : सर आले, मॅडम आल्या, सासूबाई आल्या. ‘मॅडम आले’ ही रोज ऐकू येणारी चूक. प्रत्ययाआधी अनुस्वारही येतो : बाबांनी, सरांनी, आजोबांना.

१२. ‘का’ कुठे लावायचा? माझं ‘का’ नेहमी भलतीकडे जातं.

शेवटी असेल तर उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’. क्रियापदाआधी असेल तर उत्तरात कारण द्यावं लागतं.

‘तू येतोस का?’ आमंत्रण आहे.
‘तू का येतोस?’ याला तुमचं येणं नकोय असा वास येतो.

नकारातही तसंच. ‘आला नाहीस का?’ म्हणजे आलास की नाही ते सांग. ‘का आला नाहीस?’ म्हणजे सबब सांग. ‘तू काय येतोस!’ हा प्रश्नच नाही, तू येणार नाहीस याची खात्री आहे.

१३. नाही, नको, नये, नव्हे : एवढे नकार कशाला?

प्रत्येकाचं काम वेगळं आहे. ‘नाही’ वस्तुस्थिती सांगतं : पाणी आलं नाही. ‘नको’ इच्छा सांगतं : मला चहा नको, लाडू नकोत. हुकमी नकारातही तेच : जाऊ नकोस, जाऊ नका. ‘नये’ पाटीवर असतं आणि उपदेशात असतं : ‘रूळ ओलांडू नये.’ समोरचा माणूस रूळ ओलांडतोय तेव्हा ‘ओलांडू नका!’ ओरडतात, ‘नये’ म्हणत नाहीत. ‘नव्हे’ ओळख नाकारतं : हा तो पत्ता नव्हे, बोलण्यात तिथेही ‘नाही’ चालतं. नेहमीच्या गोष्टीसाठी ‘नसतो’ : डॉक्टर रविवारी नसतात.

१४. ‘मी चिंच खाल्ली’ म्हणायचं, मी पुरुष असूनही? क्रियापद नेमकं कोणाचं ऐकतं?

वर्तमानकाळात क्रियापद करणाऱ्याचं ऐकतं : तो चिंच खातो, ती चिंच खाते. भूतकाळात, क्रियापदाला कर्म असेल तर, ते कर्माकडे वळतं आणि करणाऱ्याला ‘ने’ किंवा ‘नी’ लागतो :

त्याने आंबा खाल्ला. त्याने चिंच खाल्ली. त्याने केळं खाल्लं.
तिने आंबे खाल्ले. तिने चिंचा खाल्ल्या. तिने केळी खाल्ली.

खाणारा बदलला तरी क्रियापद हललं नाही. फळ बदललं की हललं. यालाच कर्मणी प्रयोग म्हणतात. ‘मी, तू, आम्ही, तुम्ही, आपण’ यांना ‘ने’ लागत नाही, म्हणून ‘मी चिंच खाल्ली’ ऐकताना चिंचेऐवजी ‘मी’ स्त्री असल्याचा भास होतो. तसं नाही. बोलणारा पुरुष असो की बाई, खाल्ली ती चिंच.

कर्म नसेल तर करणाऱ्याप्रमाणे : मी गेलो, मी गेले, तो धावला, ती हसली. कर्म आहे की नाही हे कसं कळेल? क्रियापदाला ‘काय?’ विचारा. काय खाल्लं? उत्तर येतं. काय गेलो? येत नाही.

हिंदीतही हेच घडतं (‘मैंने इमली खाई’), त्यामुळे हिंदी येणाऱ्यांना हे लवकर कळतं. त्यांना फक्त दोन गोष्टी सांभाळायच्या : ‘मी’ला ‘ने’ नाही, आणि नामांची लिंगं हिंदीहून वेगळी (प्रश्न ४).

१५. मग ‘मी मराठी शिकली’ का नाही म्हणत? मराठी तर स्त्रीलिंगी.

कारण काही क्रियापदं कर्म असूनही भूतकाळात करणाऱ्यालाच धरून राहतात. शिकणे, विसरणे, पिणे, बोलणे, समजणे, चुकणे ही रोजची. मी मराठी शिकलो किंवा शिकले. मी छत्री विसरलो. ती पाणी प्यायली. ‘त्याने छत्री विसरली’ चूक, ‘तो छत्री विसरला’ बरोबर. ‘म्हणणे’ दोन्हीकडे असतं : ‘तो म्हणाला’, पण ‘त्याने गाणं म्हटलं’. ही यादी लहान आहे, पाठच करून टाका.

‘तू’ आला की क्रियापद एकाच वेळी दोघांकडे बघतं : तू आंबा खाल्लास, तू चिंच खाल्लीस, तू केळं खाल्लंस. मधला भाग फळाचा, शेवटचा ‘स’ तुझा. परीक्षेत याला कर्तृ-कर्म संकर म्हणतात.

१६. ‘आईने मुलीला उठवली’ की ‘उठवलं’?

उठवलं. कर्माला ‘ला’ लागला की क्रियापद त्यालाही सोडतं आणि नपुंसकलिंगी एकवचनात थांबतं : मुलीला उठवलं, मुलाला उठवलं, मुलांना उठवलं. हा भावे प्रयोग. काही घरांत ‘मुलीला उठवली’ ऐकू येतं, लेखनात टाळा. ‘आईने मुलीला हाक मारली’ हे मात्र बरोबर, कारण तिथे ‘ला’ नसलेलं कर्म ‘हाक’ आहे. क्रियापदाला ते मिळालं की ते त्यालाच धरतं.

१७. ‘मला पुरणपोळी आवडते’ यात कर्ता कोण? मी ना?

परीक्षेत विचारलं तर पुरणपोळी. क्रियापदाला ‘-णारा, -णारी, -णारं’ लावून कोण किंवा काय ते विचारा : आवडणारी काय? पुरणपोळी. ‘मला ताप आला’मध्ये येणारा ताप. भूक लागणं, थंडी वाजणं, आठवणं, सुचणं, जमणं, दिसणं सगळं या गटातलं. मराठीत या गोष्टी माणूस करत नाही, त्या त्याला होतात.

या हिशेबाने ‘मला मराठी येते’ बरोबर, कारण येणारी मराठी. पहिल्या प्रश्नात विचारणाऱ्याने ‘समजतं’ म्हटलंय, तसं बोलण्यात सगळीकडे ऐकू येतं आणि कोणी टोकत नाही. पेपरात लिहू नका. ‘मला घ्यायचं आहे’ हेही वस्तूप्रमाणे बदलतं : डबा घ्यायचा आहे, वही घ्यायची आहे, पुस्तक घ्यायचं आहे.

१८. ‘तो माणूस जो काल भेटला’ हे कुठे खटकतं?

शब्द मराठी, बांधणी बाहेरची. मराठीत ‘जो’ आधी येतो आणि ‘तो’ त्याला उत्तर देतो : ‘जो माणूस काल भेटला, तो वाशीचा आहे.’ बोलताना ‘जो’ गळतोच : ‘काल भेटला तो माणूस वाशीचा आहे.’ त्याहून आटोपशीर : ‘काल भेटलेला माणूस वाशीचा आहे.’ जेव्हा-तेव्हा, जिथे-तिथे, जसा-तसा यांच्या जोड्याही अशाच. ‘गाडी आली तेव्हा मी जिन्यात होतो’ एवढं पुरतं, प्रत्येक ठिकाणी ‘जेव्हा’ ठोकायची गरज नाही.

१९. ‘मला पार्सल भेटलं’ म्हटलं तर लोक हसतात. का?

माणसं भेटतात, वस्तू मिळतात. ‘पार्सल मिळालं’, ‘गाडी मिळाली’, ‘मित्र भेटला’. आपल्या भागात ‘भेटलं’ इतकं पसरलंय की हसणाऱ्यांपैकी निम्मे स्वतः तेच म्हणतात. याच जातीची आणखी दोन : ‘मी तुला बोललो होतो’ याऐवजी ‘सांगितलं होतं’ किंवा ‘म्हणालो होतो’ (मराठीत ‘तिला बोललो’ म्हणजे रागावलो असाही अर्थ निघतो), आणि ‘माझी मदत कर’ याऐवजी ‘मला मदत कर’.

२०. केलं की केले? माझं की माझे?

बोलताना केलं, माझं, असं. औपचारिक लेखनात केले, माझे, असे. गप्पांच्या ढंगातल्या लेखनात अनुस्वार चालतो, म्हणून या पानावर तो आहे. अर्ज आणि उत्तरपत्रिकेत ‘ए’. एकाच परिच्छेदात दोन्ही मिसळू नका. आणि ‘आंबे खाल्ले’मधलं ‘खाल्ले’ पुल्लिंगी अनेकवचन आहे, त्याचं ‘खाल्लं’ कधीही होत नाही.

२१. की की कि?

की. दीर्घ, नेहमी. ‘आणि’ आणि ‘नि’ ऱ्हस्व.

२२. मी करेन की मी करीन?

परीक्षेत करीन, बाकी दोन्ही. खरी चूक वेगळीच आहे : ‘मी येईल’. मी येईन, तो येईल. शेवटचा ‘न’ मी-चा, ‘ल’ तिसऱ्याचा.

२३. सोसायटीच्या नोटिशीचं मराठी वाचून डोकं फिरतं. तसंच लिहावं लागतं का?

नमुना घेऊ. ‘सर्व सभासदांना कळविण्यात येते की, टाकीच्या साफसफाईसाठी गुरुवारी सकाळी १० ते सायंकाळी ५ या वेळेत पाणीपुरवठा बंद राहील. तरी सभासदांनी याची नोंद घ्यावी व सहकार्य करावे.’

‘कळविण्यात येते’मध्ये कळवणारा लपलेला असतो, सरकारी कागदाला ते आवडतं. ‘घ्यावी’ नोंदप्रमाणे स्त्रीलिंगी आणि ‘करावे’ सहकार्यप्रमाणे नपुंसकलिंगी, म्हणजे प्रश्न १४ चाच कायदा. व्याकरण निर्दोष आहे. पण पाणी बंद राहणार हे कळायला दुसऱ्या ओळीपर्यंत जावं लागतं. असं लिहिलं तर कोणी सचिवाला अडाणी म्हणणार नाही : ‘गुरुवारी टाकी धुणार आहोत. सकाळी १० ते सायंकाळी ५ पाणी येणार नाही. बुधवारी रात्रीच भरून ठेवा.’

‘भरा’ आणि ‘भरून ठेवा’ यांतला फरक बघा. ‘ठेवा’ने पुढच्या गरजेची सोय झाली. करून टाक म्हणजे एकदाचं संपव, करून बघ म्हणजे जमतंय का ते पाहा, करून दे म्हणजे माझ्यासाठी कर. बोली मराठीचा निम्मा जीव या दुसऱ्या क्रियापदांत असतो आणि व्याकरणाच्या पुस्तकात त्यांना पाव पान मिळतं.

२४. हे नियम ठरवतं कोण? आणि आमच्या गावची आगरी बोली मग अशुद्ध का?

दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं व्याकरण १८३६ सालचं, मोरो केशव दामल्यांचं मोठं काम १९११ सालचं. या लोकांनी भाषा कशी चालते ते नोंदवलं. कसं लिहावं याचे नियम वेगळे : मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२ साली शासनाने मान्य केले, १९७२ साली चार वाढले. प्रश्न ९ आणि २१ मधली उत्तरं त्यांतूनच येतात.

हे अठरा नियम लेखनाचे आहेत. तुर्भ्यात किंवा घणसोलीत आजी काय बोलते यावर त्यांचा काही अधिकार नाही. आगरीत ‘ण’चा ‘न’ आणि ‘ळ’चा ‘ल’ होतो, तो सगळीकडे एकाच शिस्तीने होतो. जिथे शिस्त आहे तिथे व्याकरण आहे. पेपर प्रमाण मराठीत लिहा, आजीशी आगरीत बोला. वर्गात आगरी बोलणाऱ्या मुलाला ‘नीट बोल’ म्हणणाऱ्यांबद्दल आमचं मत फारसं चांगलं नाही.

२५. कर्ते दोन, लिंगं दोन. ‘नवरा-बायको आले’ की ‘आली’?

जुन्या व्याकरणाप्रमाणे स्त्री-पुरुष एकत्र असतील तर नपुंसकलिंगी अनेकवचन : नवरा-बायको दोघं आली, मुलंबाळं जेवली. आदर असेल तर ‘आले’ : आईबाबा आले, काका-काकू आले. व्याकरणातले पुरुष (मी, तू, तो) वेगवेगळे असतील तर ‘मी’ सगळ्यांवर भारी (‘मी आणि ताई गेलो’), त्याखालोखाल ‘तू’ (‘तू आणि दादा कधी येताय?’). वस्तू असतील तर क्रियापद शेवटच्या वस्तूप्रमाणे : ‘त्याने एक टेबल आणि एक खुर्ची घेतली’, उलट केलं तर ‘एक खुर्ची आणि एक टेबल घेतलं’. दोन्हींत बिल तेवढंच.